आवाजाचं बटण कुठे ठेवायचं? रॉक ऐकणाऱ्यांसाठी सिम्फनी आणि ऑपेरा

रॉक ऐकणारे चार जण जमले आणि वेस्टर्न क्लासिकलचा विषय निघाला, की वाद ठरलेल्या वाटेनं जातो. एक जण म्हणतो, मेटल म्हणजे शेवटी बाखच. दुसरा म्हणतो, असेल, पण मला दहाव्या मिनिटाला झोप येते. तिसऱ्याला सिम्फनी चालते, पण ऑपेरातली बाई गायला लागली की तो हेडफोन काढून ठेवतो. चौथा क्वीन बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चं नाव काढतो आणि वाद मिटतो, कारण त्या गाण्याबद्दल कुणाचंच दुमत नसतं.

चौघांत पहिल्याचं म्हणणं सगळ्यात बिनकामाचं. डीप पर्पलच्या 'हायवे स्टार'च्या सोलोत गिटारवादक रिची ब्लॅकमोरनं बाखच्या धाटणीची कॉर्डची साखळी वापरली, गिटारवादक इंग्वे मामस्टीननं पागानिनीच्या कॅप्रिसांवर (एकट्या व्हायोलिनसाठीच्या अवघड रचनांवर) बोटं घासली, हे सगळं खरं आहे. पण हे कळल्यानं बाख आवडायला लागला असा माणूस विरळाच. झोप येणाऱ्याचं म्हणणं मात्र प्रामाणिक आहे. आणि त्याच्या झोपेचं मूळ बहुतेक वेळा संगीतात नसतं, आवाजाच्या बटणात असतं.

रॉकचं रेकॉर्डिंग जवळजवळ सपाट असतं. बास, व्होकल, स्नेअर, प्रत्येकावर कम्प्रेसर (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणारं यंत्र) बसतो आणि शेवटी मास्टरिंगला सगळ्यावर लिमिटर. मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'वर (२००८) हे इतकं झालं की चाहत्यांनीच आवाज फाटतोय म्हणून ओरड केली. या सपाटपणाचा फायदा असा, की गाणं सुरू करताना एकदा आवाज लावला की शेवटपर्यंत बटणाला हात लावावा लागत नाही. स्कूटरवर, लोकलमध्ये, जिममध्ये, कुठेही ते तितकंच ऐकू येतं. ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग असं नसतं. एकाच रचनेत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या जागेत चाळीस डेसिबलचं अंतर सहज पडतं. धावत्या लोकलच्या डब्यात मुळातच सत्तर-ऐंशी डेसिबलचा गोंगाट असतो, म्हणजे हळू असलेलं सगळं त्याखाली गाडलं जातं. कानावर पडतात फक्त मोठे तुकडे, तेही कुठून आले आणि का आले याचा पत्ता नसताना. मग कंटाळा येणारच. पुस्तकातलं प्रत्येक तिसरं पान फाडून वाचल्यासारखं ते ऐकणं असतं.

रावेलचं 'बोलेरो' (१९२८) घ्या. साधारण पंधरा मिनिटं. स्नेअर ड्रमवर दोन मात्राखंडांचा (बारचा) एकच ठेका १६९ वेळा वाजतो आणि त्यावर तीच सुरावट एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जात राहते. सुरुवातीला एक ड्रम आणि एक बासरी, शेवटी अख्खा ऑर्केस्ट्रा. रॉकवाला हे लावतो, काही ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवतो, दोन मिनिटांनी पुन्हा वाढवतो, मग दहाव्या मिनिटाला कान दुखायला लागतात म्हणून कमी करतो. म्हणजे रावेलनं पंधरा मिनिटं राबून चढवलेला चढ यानं स्वतःच्या अंगठ्यानं सपाट केला.

करायचं ते उलटं. आधी शेवटचं मिनिट लावा. तुम्ही रॉक जितक्या मोठ्यानं ऐकता तितका आवाज तिथे ठेवा. मग सुरुवातीला जा आणि बटणाला हात लावू नका. सुरुवात जेमतेम ऐकू येईल, आणि ती तशीच यायला हवी. पंखा बंद करा, हे चेष्टेनं म्हणत नाही. छताच्या पंख्याची घरघर बासरीच्या पहिल्या ओळी गिळून टाकते. शेवटापाशी सुरावट अचानक वरच्या पट्टीत उडी मारते. सी मेजरमध्ये जवळजवळ सगळी रचना काढल्यावर रावेल काही क्षण ई मेजरमध्ये शिरतो आणि लगेच सगळं कोसळतं. चौदा मिनिटं एका जागी उभं राहिल्याशिवाय त्या उडीला वजन येत नाही. (जेफ बेकचं 'बेक्स बोलेरो' ओळखीचं असेल. १९६६ साली ते रेकॉर्ड झालं तेव्हा जिमी पेज, जॉन पॉल जोन्स आणि कीथ मून एकाच खोलीत होते. ठेका याच घराण्यातला, पण तीन मिनिटांत उरकलेला.)

फोनमधल्या काही गोष्टीही नीट करून घ्या. इक्वलायझरवर 'रॉक' प्रीसेट असेल तर काढा. तो खालचा आणि वरचा आवाज उचलतो आणि मधला दाबतो, तर व्हायोला, हॉर्न आणि गायकांचं बरंचसं काम नेमकं मध्येच असतं. क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) बंद, शफल बंद, आणि प्रत्येक ट्रॅक सारख्या पातळीवर आणणारं नॉर्मलायझेशनही बंद. नाहीतर हळू मूव्हमेंट (सिम्फनीचा एक भाग) उचलून मोठ्या मूव्हमेंटच्या बरोबरीला बसवली जाते. गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणारी सोय, चालू ठेवा. ते का, ते बीथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीत कळेल.

ती सिम्फनी सगळ्यांनी ऐकलेली असते आणि जवळजवळ कुणीच ऐकलेली नसते. तीन ऱ्हस्व, एक दीर्घ. रॉकवाल्याला यात समजावण्यासारखं काही नाही, तो रिफ आहे, गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा छोटा ठसठशीत तुकडा. फरक पुढे आहे. रॉकमध्ये रिफ परत येतो तेव्हा तो तसाच येतो, आणि मजाही त्यातच असते. कोरसनंतर तोच रिफ तितक्याच जोरात आदळला पाहिजे. बीथोव्हन रिफ परत आणताना त्याला काहीतरी झालेलं असतं. तो बासमध्ये जातो, हॉर्नकडे जातो, त्याचे तुकडे पडतात. मध्यावर तर फक्त दोन-दोन, मग एकेक कॉर्ड उरतो, तंतुवाद्यं आणि फुंकवाद्यं आळीपाळीनं जणू श्वास घेतात. संचालक कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकचं १९७४ चं रेकॉर्डिंग घ्या, पहिली मूव्हमेंट सव्वासात मिनिटांच्या थोडी वर जाते. साडेचार मिनिटांच्या आसपास, रिफ पूर्ण ताकदीनं परतल्यावर थोड्याच वेळात, सगळे थांबतात आणि एकटी ओबो काही सेकंद स्वतःशीच गाते. पहिल्यांदा हीच जागा आली होती तेव्हा ती गप्प होती. आता का गाते? याचं उत्तर कुणी देत नाही. पण ही जागा कानाला टोचली तर समजा, तुम्ही सिम्फनी ऐकायला लागलात.

बहुतेक जण इथेच थांबतात. थांबू नका, कारण खरा दणका तिसऱ्या मूव्हमेंटच्या शेवटी आहे. संगीत इतकं हळू होतं की नुसता टिंपनीवर तोच ठेका धुगधुगत राहतो, वर व्हायोलिन अंधारात चाचपडतात, आणि अजिबात न थांबता चौथी मूव्हमेंट सी मेजरमध्ये फुटते. तीन ट्रॉम्बोन, पिकोलो आणि कॉन्ट्राबसून इथे पहिल्यांदा तोंड उघडतात. वीस मिनिटं उलटून गेली तरी ते मंचावर हात बांधून बसलेले असतात. गॅपलेस नसेल तर नेमकी इथेच दोन सेकंदांची शांतता घुसते आणि सगळं मातीमोल होतं.

रिफकडून खालच्या ओळीकडे येऊ. लेड झेपेलिनच्या 'स्टेअरवे टू हेवन'च्या सुरुवातीला गिटारची खालची ओळ 'ए'पासून अर्ध्या-अर्ध्या स्वरानं उतरते. असं उतरणं म्हणजे दुःख, ही युरोपातली फार जुनी खूण आहे. हेन्री पर्सेलच्या 'डायडो अँड ईनियस'मध्ये (चेल्सीतल्या मुलींच्या शाळेत त्याचा १६८९ चा प्रयोग नोंदलेला आहे) मरणाऱ्या राणीच्या गाण्याखाली पाच मात्राखंडांची अशीच उतरती बास ओळ अकरा वेळा फिरते. ओळ ठरलेली, पण गाण्याची वाक्यं तिच्या जोडावर संपत नाहीत. बास नव्यानं सुरू होते तेव्हा राणी वाक्याच्या मध्यावर असते. तुम्ही बास वाजवत असाल तर पाच मात्राखंडांचा हा लूप स्वतः वाजवून त्यावर रेकॉर्डिंग ऐका. चारच्या हिशेबाला सरावलेला हात दुसऱ्याच फेरीला चुकतो. पूर्ण ऑपेरा तासाभराचा आहे आणि इंग्रजीत आहे. पहिला ऑपेरा म्हणून याहून सोपा सौदा नाही.

मेटलवाल्यांसाठी दार वेगळं. होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मधलं 'मार्स' पाचच्या ठेक्यात आहे आणि सुरुवातीला तंतुवाद्यं धनुकलीच्या केसांनी न वाजवता तिच्या लाकडानं तारांवर ठोकली जातात. म्हणून तो कोरडा खटखटाट ऐकू येतो. ब्लॅक सॅबथचा गीझर बटलर या तुकड्याचा चाहता होता, आणि किंग क्रिम्सन तर १९६९ साली मंचावर 'मार्स' वाजवत असत. शोस्ताकोविचच्या दहाव्या सिम्फनीची (१९५३) दुसरी मूव्हमेंट चारेक मिनिटांची आहे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत धावतच असते. थ्रॅश ऐकणाऱ्याला तिच्यासाठी कसलीच पूर्वतयारी लागत नाही. ड्रोन, म्हणजे एकच स्वर लांब ताणून धरणारं संगीत, आवडणाऱ्यांनी वागनरच्या 'दास राइनगोल्ड'ची सुरुवात ऐकावी. चार मिनिटं, १३६ मात्राखंड, एकच ई फ्लॅट मेजर कॉर्ड. त्या खोल पहिल्या स्वरासाठी डबल बासवाल्यांपैकी काहींना खालची 'ई'ची तार अर्धा स्वर उतरवून लावावी लागते. डाउनट्यूनिंगचा (तारा खाली उतरवून लावण्याचा) शोध ब्लॅक सॅबथच्या बर्मिंगहॅममध्ये लागला असं मानणाऱ्यांनी नोंद घ्यावी. मात्र वागनरमध्ये याच्या पुढे लगेच जाऊ नका. 'राइनगोल्ड' ज्याचा पहिला भाग आहे ते चार ऑपेरांचं चक्र पंधरा तासांच्या आसपास आहे.

एका आक्षेपावर मात्र मी रॉकवाल्यांच्या बाजूनं आहे. 'यात ग्रूव्ह नाही' ही तक्रार खरी आहे. ऑर्केस्ट्राला दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर नसते. लय ताणली जाते, सोडली जाते, आणि मान हलवायला जागा सापडत नाही. ज्याचं शरीर आधी ऐकतं आणि डोकं मागून, त्यानं रोमँटिक काळातल्या सिम्फन्यांपासून सुरुवातच करू नये. स्ट्राविन्स्कीचं 'राइट ऑफ स्प्रिंग' घ्यावं. १९१३ साली पॅरिसमध्ये पहिल्या प्रयोगाला ज्यावर गोंधळ झाला तेच. सुरुवातीच्या बसूनच्या सुरावटीनंतर साडेतीन-चार मिनिटांच्या पुढे तंतुवाद्यं एकच कर्कश कॉर्ड चाबकासारखा ओढत राहतात आणि आघात कुठे पडेल याचा नेम नसतो. किंवा टेरी रायलीचं 'इन सी' (१९६४): ५३ छोटे तुकडे, प्रत्येक वादक आपल्या मनानं पुढच्या तुकड्याकडे सरकतो, आणि वर 'सी'चा स्वर सतत टकटकत राहतो. 'द हू'च्या 'बाबा ओ'रायली' या नावातला रायली तो हाच. आणि बाबा म्हणजे पुण्यात जन्मलेले, नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेर बाबा, ज्यांचा 'द हू'चा पीट टाउनशेंड अनुयायी होता. त्या गाण्याच्या सुरुवातीचा फिरता ऑर्गन ऐकून मग 'इन सी' लावलं तर नातं सांगावं लागत नाही.

उलट बाजूनं, रॉक म्हणजे तीन कॉर्ड असं म्हणणाऱ्या क्लासिकलवाल्यांनीही स्वतःची फसवणूक थांबवावी. रिफ कागदावर उतरवला की चार स्वर दिसतात, कारण कागदाला टोन दिसत नाही. अँपचा गेन किती, पिकअप कुठला, तळहातानं तार किती दाबली, माइक स्पीकरच्या मध्यावर धरला की कडेला, ही सगळी रचनाच आहे. ती नोटेशनमध्ये नाही म्हणून नाही असं होत नाही.

आता तो हेडफोन काढून ठेवणारा तिसरा. ऑपेराचा आवाज असा का असतो, याचं उत्तर एका शब्दात आहे: माइक. तो नाही म्हणून. एक माणूस, समोर खड्ड्यात साठ-सत्तर वादक, वर दोन हजार खुर्च्यांचं थिएटर, आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. नुसतं जोरात ओरडून हे होत नाही, आठवड्यात गळा जाईल. ऑर्केस्ट्राची सगळ्यात जास्त ऊर्जा ५०० हर्ट्झच्या आसपास असते आणि तिथून वर ती घसरत जाते. प्रशिक्षित गायक घसा आणि स्वरयंत्राच्या वरची पोकळी अशी आकारतो की आवाजातली ऊर्जा ३,००० हर्ट्झच्या जवळपास एका ठिकाणी एकवटते. तिथे ऑर्केस्ट्रा विरळ असतो आणि माणसाचा कान सगळ्यात तिखट. योहान सुंडबर्ग या स्वीडिश संशोधकानं हे मोजून दाखवलं.

गिटार वाजवणाऱ्याला हे समजायला एक मिनिट लागू नये. घरी एकट्यानं वाजवताना बास (खालचा आवाज) आणि ट्रेबल (वरचा) वाढवलेले, मिड (मधला) शून्यावर, असा टोन राक्षसासारखा वाटतो. तोच टोन बँडमध्ये नेला की गिटार गायब. बास गिटारनं खालचं खाल्लेलं असतं, झांजांनी वरचं, आणि गिटारची हक्काची जागा म्हणजे मिड आपणच काढून टाकलेली असते. अनुभवी वादक मिड वाढवतो. एकट्यानं ऐकताना तो टोन नाकात बोलल्यासारखा, जरा कर्कश लागतो, पण बँडमधून सुरीसारखा बाहेर येतो. ऑपेराचा आवाज म्हणजे मिड वाढवलेला आवाज. हेडफोनमध्ये, माइक तोंडाजवळ ठेवून केलेल्या रेकॉर्डिंगवर तो कानात घुसणारच. त्याला अंतर हवं. म्हणून ऑपेरा हेडफोनवर ऐकू नका. स्पीकरवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐका. एवढ्या एका बदलानं निम्मी तक्रार मिटते.

दुसरी तक्रार शब्दांची: काय गातेय ते कळत नाही. इटालियन येत असतं तरी कळलं नसतं. 'ई' हा स्वर ओळखायला आपल्या कानाला ३०० हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा लागतो. सोप्रानोचा वरचा 'सी' हजार हर्ट्झच्या वर असतो. म्हणजे तिचा मूळ स्वरच त्या उंचवट्याच्या कितीतरी वर निघून गेलेला असतो आणि 'ई'ची खूण उमटायला जागाच उरत नाही. वर गेल्यावर सगळे स्वर 'आ'कडे झुकतात. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधली (१७९१) रात्रीची राणी तर १,४०० हर्ट्झच्या जवळच्या 'एफ'पर्यंत जाते. तिथे शब्द मागणं म्हणजे व्हायोलिनकडे शब्द मागणं. थिएटरात मंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवतात त्या यासाठीही. आणि डेथ मेटल ऐकणाऱ्यांनी शब्द कळत नाहीत ही तक्रार निदान हळू आवाजात करावी.

मराठी माणसाला हा आवाज खरं तर इतका परका वाटायला नको. 'संगीत सौभद्र' १८८२ चं. त्यानंतरची कित्येक वर्षं नाट्यपदं माइकशिवाय, पायपेटीचा ऑर्गन आणि तबल्याच्या वर, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचवली गेली. वरची पट्टी आणि टोकदार आवाज ही तिथली गरज होती. संवाद थांबवून पद, पदात कथा थबकते आणि भाव पसरतो, पद रंगलं की वन्समोर. ऑपेरातली आरिया आणि तिच्याआधीचं बोलल्यासारखं गाणं यांचा हिशेब फार वेगळा नाही. फरक एवढाच की नाट्यपदात गायक ताना घेऊन जागा वाढवतो, आणि आरियात बहुतेक वेळा लिहिलेल्या चौकटीतच श्वास मारावा लागतो.

चौथ्याचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' इथे आणलं तर दिसतं, की ते ऑपेराचं सोंग आहे आणि सोंग म्हणून पहिल्या दर्जाचं. १९७५ सालची २४ ट्रॅकची टेप. तिघांचेच आवाज थरावर थर चढवून जमाव उभा केलेला. टेप इतक्यांदा फिरली की तिच्यातून आरपार दिसायला लागलं, असं क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे सांगतो. ही सगळी करामत माइकची आणि टेपची आहे, म्हणजे ऑपेराच्या बरोबर उलटी. खऱ्या ऑपेराच्या आवाजाशेजारी क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी उभा राहिला तो 'बार्सिलोना'मध्ये (१९८७), सोप्रानो मोन्सेरात काबायेबरोबर. पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत पियानो शिकलेला आणि तिथेच पहिली बँड जमवलेला हा मुलगा तिच्या आवाजावर लुब्ध होता. दोघांत श्रेष्ठ कोण हे न ठरवता ऐका. त्याचा स्वर जवळ, सरळ, कडेला खरखरीत. तिचा स्वर लांबून आलेला, गोल, सतत हलका कंपन पावणारा. मिक्सरवर बसलेल्या माणसानं दोघांना एका पातळीवर आणलंय. हॉलमध्ये माइक बंद केले असते तर त्याचा आवाज ऑर्केस्ट्राखाली गेला असता, आणि कोरसाच्या वरून रॉक गा म्हटलं असतं तर तिची पंचाईत झाली असती.

यावरून बँड आणि ऑर्केस्ट्रा एका मंचावर आणण्याच्या हौसेकडे. नवख्याला क्लासिकलची ओळख करून द्यायला लोक हमखास अशाच अल्बमांची शिफारस करतात. माझ्या मते ही सगळ्यात वाईट वाट आहे. सोळा व्हायोलिन एकत्र वाजले तर एका व्हायोलिनपेक्षा आवाज फक्त बारा डेसिबलनं वाढतो, दर दुपटीला तीन या हिशेबानं. शंभर वॉटचा अँप आणि चार स्पीकरांची कॅबिनेट एक मीटरवर ११५ डेसिबलच्या पुढे सहज जाते. म्हणजे व्हायोलिनांना माइक किंवा पिकअप लावावे लागतात, त्या माइकात ड्रम शिरतात, मग ड्रमभोवती पारदर्शक भिंत उभी करावी लागते, आणि एवढं करून व्हायोलिनचा आवाज पातळ, प्लास्टिकसारखा निघतो. डिस्टॉर्शनची गिटार मधली सगळी जागा सतत भरून टाकते, त्यामुळे व्हायोला आणि चेलो वाजताहेत हे फक्त व्हिडिओत दिसतं.

वेळेचा घोळ वेगळाच. आवाजाला दहा मीटर जायला जवळपास तीस मिलिसेकंद लागतात. मागच्या रांगेतले ब्रास आणि पुढचा ड्रमर यांच्यात एवढं अंतर असतंच. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत सोळांशाचा, म्हणजे पाव ठोक्याचा, एक स्वर ७५ मिलिसेकंदांचा. म्हणजे त्या स्वराच्या लांबीच्या जवळजवळ निम्मी फट. रिफ ज्या घट्टपणावर जगतो तोच जातो.

म्हणून जिथे असे प्रयोग जमले तिथे काय केलंय ते पाहा. जॉन लॉर्डच्या 'कॉन्सर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा'त (रॉयल अल्बर्ट हॉल, २४ सप्टेंबर १९६९, संचालक माल्कम अर्नल्ड) डीप पर्पल आणि रॉयल फिलहार्मोनिक बऱ्याच ठिकाणी आळीपाळीनं वाजवतात. रचना म्हणून ती लंगडी आहे, पण दोघंही ऐकू येतात. मेटॅलिकाच्या १९९९ च्या सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबरच्या मैफलीत 'द कॉल ऑफ क्तुलू' जमलं, कारण शब्द नाहीत, लय मध्यम, आणि ऑर्केस्ट्राची मांडणी करणाऱ्या मायकल केमनला वाद्यं एकेक करून आत आणायला वेळ मिळाला. वेगवान गाण्यांत मात्र ऑर्केस्ट्रा झालरीसारखा लोंबतो. एमर्सन, लेक अँड पामर यांनी वेगळंच केलं. मुसोर्ग्स्कीचं 'पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन' त्यांनी तिघांच्या बँडसाठीच नव्यानं मांडलं, ऑर्केस्ट्रा बोलावलाच नाही. हे ऐकायचा चांगला क्रम असा: आधी १८७४ ची मूळ पियानोची रचना, मग रावेलनं १९२२ साली ऑर्केस्ट्रासाठी केलेली, शेवटी न्यूकॅसलला रेकॉर्ड झालेली १९७१ ची मैफल. 'बाबा यागा'चा तुकडा तिन्हींत शोधा. एकाच रिफला तीन वेगळे अँप लावल्यासारखं वाटेल.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर मुंबईत नरिमन पॉइंटचं एनसीपीए आहे. तिथला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये सुरू झाला आणि साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास त्याचे मोसम असतात. रॉकच्या मैफलीची सवय इथे उपयोगाची नाही. पुढची रांग घेऊ नका. समोर व्हायोलिनांच्या खुर्च्यांचे पाय दिसतात आणि ब्रासचा आवाज डोक्यावरून निघून जातो. मधल्या भागाच्या मागे किंवा बाल्कनीत बसा, तिथे वाद्यं एकमेकांत मिसळून येतात आणि तिकीटही स्वस्त. पहिली पाच मिनिटं आवाज लहान वाटेल, कारण कान स्पीकरच्या भिंतीला सरावलेले असतात. दहाव्या मिनिटापर्यंत ते जुळवून घेतात. मूव्हमेंटच्या मध्ये टाळ्या वाजवू नयेत हा रिवाज. चुकून वाजवल्या तर काही बिघडत नाही, बीथोव्हनच्या काळी वाजवायचेच.

आणि पूर्ण ऑपेरा? पहिला घास पुच्चिनीच्या 'टॉस्का'चा (रोम, १९००), तोही फक्त दुसरा अंक, चाळीसेक मिनिटांचा. मारिया कॅलास आणि टीटो गोब्बी यांचा कोव्हेंट गार्डनमधला हाच अंक १९६४ साली टीव्हीसाठी चित्रित झालाय. काळा-पांढरा, पण सबटायटल असलेली प्रत मिळाली की बाकी काही नको. फक्त आवाज ऐकायचा असेल तर कॅलासचं १९५३ चं मोनो रेकॉर्डिंग सर्वांत गाजलेलं. मोनो खटकत असेल तर संचालक कारायान आणि गायिका लिओंटिन प्राइस यांचं.

त्याआधी पहिल्या अंकाचे पहिले दहा सेकंद ऐका. पडदा उघडायच्या आत ऑर्केस्ट्रा तीन कॉर्ड आदळतो: बी फ्लॅट, ए फ्लॅट, ई. हा पोलिसप्रमुख स्कार्पियाचा रिफ. पहिल्या आणि शेवटच्या कॉर्डमधलं अंतर तेच, ज्यावर 'ब्लॅक सॅबथ' हे गाणं उभं आहे. मग दुसरा अंक लावा. आवाज ठरवायची जागा साधारण मध्यावर आहे, प्रियकराचा छळ शेजारच्या खोलीत चाललेला असतो आणि टॉस्का किंचाळते तिथे. ते सहन होईल एवढ्यावर बटण ठेवा आणि सुरुवातीला या.

तिथून पुढे सौदा होतो (प्रियकराची सुटका, बदल्यात टॉस्का स्कार्पियाची), टॉस्का सुरी उचलते, स्कार्पिया पडतो. रॉकचं गाणं इथे शेवटच्या कोरसावर गेलं असतं. पुच्चिनी आवाज काढून घेतो. टॉस्का मेलेल्याच्या मुठीतून सुटकेचा परवाना ओढून घेते, दोन मेणबत्त्या त्याच्या दोन बाजूंना ठेवते, भिंतीवरचा क्रूस उतरवून त्याच्या छातीवर ठेवते. काही मिनिटं जवळजवळ कुणीच गात नाही. स्कार्पियाचे तेच कॉर्ड आता दबक्या आवाजात येतात, लांबवर ड्रमची थरथर ऐकू येते. बटण किंचाळीवर बेतून ठेवलं असेल आणि पंखा बंद असेल, तर ती थरथर बाहेर रस्त्यावरून आल्यासारखी वाटते.